ताव कोठे थांबावा

काडतुसाच्या पुंगळीची मान नरम हवी आणि बूड कठीण हवे, एवढ्या एका मागणीत आमच्या धंद्यातील सारी विवंचना सामावलेली आहे. कारण धातू एकच, सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त, आणि त्याच धातूने एका टोकाशी गोळी धरून ठेवायची व बार उडताच फुगून भिंतीला घट्ट बसायचे, तर दुसऱ्या टोकाशी सारा दाब निमूटपणे सोसायचा. खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यात, भट्टीच्या खात्यात, माझी उमेदीची वर्षे गेली, आणि निवृत्त होऊन हिंजवडीस घरी बसल्यावर हा विषय आपल्यापुरता संपला अशी माझी समजूत होती. परंतु येथल्याच आयटी पार्कातून टेक्सासला गेलेल्या माझ्या पुतण्याने तिकडे एक जुनी .३०३ ली-एनफील्ड रायफल खरेदी केली, आणि आपल्याकडे परवान्यावाचून जो गुन्हा ठरतो तो वापरलेल्या पुंगळ्या घरी भरण्याचा उद्योग तिकडच्या कायद्यास मंजूर असल्यामुळे त्याने आरंभला. "काका, चार-पाच बारांत माना चिरतात, असं का?" हा त्याचा पहिला प्रश्न.

उत्तर सोपे आहे. प्रत्येक बाराला मान फुगते, साच्यात घालून ती पुन्हा आवळावी लागते, आणि या ओढाताणीने पितळ कठीण होत होत अखेर तडकते. तेव्हा मानेला ताव द्यावा, म्हणजे तापवून ती पुन्हा नरम करावी. पण तो कोठे थांबवावा, या प्रश्नाने मला पुन्हा घेरले आहे. कसबा पेठेतील तांबट आळीत हंड्याला ताव देतात तो सबंध हंड्याला, कारण तेथे पुढचा ठोका सगळीकडेच पडायचा असतो. त्या कारागिरांविषयी मला अपार आदर आहे, तथापि अर्ध्या बोटाच्या अंतरात उष्णतेला अडवून धरण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आमची जुनी तऱ्हा अशी : पुंगळी कमरेइतक्या पाण्यात उभी करावी, अंधाऱ्या खोलीत मानेभोवती ज्योत फिरवावी, आणि तोंडाशी तांबूसपणाची पहिली शंका येताच तिला पाण्यात आडवी पाडावी. शंका यावी, खात्री होऊ नये. खात्री होईपर्यंत थांबलेल्या माणसाची मान मेणासारखी होते व गोळीला धरीत नाही. नंतर खांद्याच्या खाली निळसर-जांभळी झाक उतरलेली दिसते. लष्करी पुंगळीवर ती मुद्दाम राखतात, बाजारी मालावरून घासून काढतात. माझ्या दृष्टीने ती झाक म्हणजे पुंगळीचा दाखला आहे, आणि चकाकीच्या हव्यासापायी तो पुसणाऱ्यांचे मला कधीच पटलेले नाही.

या सगळ्याचा आधार होता माझा डोळा. तापमापकाचा काटा आणि माझी नजर यांत मतभेद झाला तर मी नजरेची बाजू घेई, आणि त्या गोष्टीचा मला अभिमान होता. खरे सांगायचे तर अजूनही आहे. अशात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि पट्टी सुटताच पांढरा सदरा निळसर भासू लागला. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळे पडत जाते, असे डॉक्टरांनी समजावले. म्हणजे ज्या तांबूस रंगावर मी आयुष्यभर निकाल दिले, तो काही अंशी माझ्याच भिंगाचा रंग होता! तो रंग मी पुतण्याला कोणत्या शब्दांत सांगावा?

त्याने ठरावीक उष्णतेला वितळणारा रंग आणला आहे : मानेच्या आत ४०० अंशांचा, खांद्याखाली २५० च्या आतबाहेरचा. आतला वितळावा, खालचा वितळू नये. ही व्यवस्था निर्दोष आहे, हे मी मान्य करतो. ते मान्य करताना जे दुःख होते, तेही लपवीत नाही.

मात्र एका बाबतीत मी त्याला सक्त ताकीद दिली : चकाकीसाठी अमोनियाचे पॉलिश पुंगळीला लावू नये. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील पावसाळ्यात साठ्यातील पुंगळ्या आपोआप तडकत, आणि तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया व धातूत कोंडलेला ताण यांच्या संगनमताने हे घडते, याचा उलगडा १९२१ साली झाला. त्याऐवजी वापरायच्या चिंचेच्या पाण्यालाही मुदत असते. फार वेळ ठेवल्यास जस्त निघून जाऊन पितळावर गुलाबी डाग उमटतो.

ली-एनफील्डचा बोल्ट मागे अडकतो व तिची खोबण ऐसपैस असते, म्हणून तीत पुंगळी लांबते व बुडाच्या किंचित वर आतून झिजते. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवावी. ती खाचेत अडखळली, किंवा बाहेर त्या जागी उजळ वलय दिसले, की त्या पुंगळीचा हिशेब संपला. मानेची वाढलेली कठीणता तावाने उतरवता येते. बुडाची गेलेली कठीणता मात्र तशी परत आणता येत नाही. पोलाद तापवून पाण्यात विझवले की कठीण होते, पण पितळाच्या बाबतीत पाणी फक्त पसरणारी उष्णता थांबवते. पितळ कठीण होते ते ठोकल्याने, ओढल्याने, दाबल्याने. म्हणून ज्या पुंगळीच्या बुडापर्यंत ताव पोहोचला, ती कितीही देखणी असो, मोडीतच टाकली पाहिजे.