पोकळीची ओढ

विझत्या वातीचा तो वास, गोड्या तेलाचा, करपल्या कापसाचा, किंचित कणकेचाही, कुठूनही आला की माझा हात नकळत पोटावर जातो. लोणखेड्याच्या घरी, माझी बेंबी सरकली असं ठरलं की आजी मला ओट्यावर उताणं निजवायची, पोटावर कणकेचा इवलासा दिवा ठेवायची आणि वात नीट पेटली की वरून तांब्या उपडा घालायची. ज्योत गुदमरायची, आतली तापलेली हवा निवत आक्रसायची आणि पोटाची कातडी हळूहळू त्या पितळी काळोखात वर ओढली जायची. आजी शेजारी न बोलता बसून राहायची. किती बरं वाटायचं!

बेंबी अशी सरकत नसते आणि पोट दुखलं तर डॉक्टरच गाठावा, हे आता कळतं. तरी ती ओढ फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत रक्त काढायला शिंग, जळू आणि भोपळा सांगितले आहेत. त्या भोपळ्याच्या आतही दिवाच पेटवायचा. वैदू गावोगाव तुंबड्या लावत हिंडले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवरचे जांभळे, वाटोळे डाग जगाने नवलाने पाहिले, तेव्हा मला मात्र तो तेलकट वास आला.

इंग्रजीत तुंबडी लावण्याला कपिंग म्हणतात आणि कॉफी पारखण्यालाही कपिंगच. सातपुड्याच्या रांगेत चिखलदऱ्याला कॉफी पिकते. कॉफीचे पारखी भरड पुडीवर गरम पाणी ओततात, चारेक मिनिटं थांबतात, वर आलेला थर चमच्याने मोडत नाक अगदी जवळ नेतात आणि मग घोट हवेसकट सुर्रकन ओढून घेतात. पुढच्या पेल्याआधी साध्या पाण्याने तोंड धुतात. चव यायला जीभ आधी कोरी लागते.

तिसरं कपिंग लाकडाचं. सागाच्या फळीत मात्र काही येत नाही, जातं. ओलावा सुटताना वलयांच्या अंगाने लाकूड जास्त आटतं, गाभ्याच्या दिशेने कमी. मग सालीकडच्या बाजूला कडा उचलतात, मधे खोलगट होतं आणि सुतार म्हणतो, फळीला बाक आला. अशा फळीवरून डोळे मिटून तळहात फिरवावा. गेलेल्या पाण्याची जागा हाताला लागते.

दुखणं, सुगंध, आठवण, सगळं रिकाम्या जागेकडेच धावतं. म्हणून वाचकहो, कुणी मन मोकळं करायला आलं, तर लगेच उपाय सांगू नका. आधी त्याच्यासाठी थोडी जागा रिकामी करा.