इन्नोचेंती : घराण्यावाचून जन्मलेले आडनाव

१/ आडनाव म्हणजे घराण्याची खूण. गाव, वतन, धंदा किंवा एखादा पूर्वज त्यात दडलेला असतो. इटलीतील तोस्काना प्रांतात मात्र असे एक आडनाव आढळते, ज्याच्या मुळाशी घराण्याचा अभावच आहे : इन्नोचेंती.

२/ १४१९ साली फ्लॉरेन्सच्या रेशीम-व्यापाऱ्यांच्या संघाने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी एक आश्रयगृह बांधावयास घेतले. आराखडा ब्रुनेलेस्कीचा होता. प्रातोचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी याने मृत्युपत्राने ठेवलेले १००० फ्लोरिन या कार्यास लाभले. हेरोद राजाने मारविलेल्या निष्पाप बालकांच्या स्मरणार्थ त्यास ‘इन्नोचेंती’, म्हणजे निष्पापांचे गृह, असे नाव मिळाले.

३/ जानेवारी १४४५ मध्ये दार उघडले. ५ फेब्रुवारीला पहिले बाळ आले. ती मुलगी होती. त्या दिवशी संत आगाताचा सण असल्याने तिचे नाव आगाता स्मेराल्दा ठेवले गेले.

४/ प्रत्येक बाळाची नोंद वहीत होई. अंगावरचे कपडे, गळ्यातला मणी, सोबतची चिठ्ठी, सारे लिहिले जाई. काही माता पदक मोडून अर्धा तुकडा बाळापाशी ठेवीत. उरलेला अर्धा घेऊन परत येता येईल, ही त्यामागची आशा. त्यांतले कित्येक अर्धे तुकडे आज तेथील संग्रहालयात आहेत. त्यांचे जोडीदार आलेच नाहीत.

५/ बाळे दुधासाठी खेड्यापाड्यांतील दायांकडे पाठविली जात. अनेक दगावत. जी जगत, त्यांतील काही मुले कारागिरांच्या हाताखाली काम शिकत आणि मुलींच्या विवाहासाठी संस्था हुंडा देई. त्यांच्याबरोबर संस्थेचे नावही तोस्कानाभर पसरले. इन्नोचेंती, देल्यी इन्नोचेंती, नोचेंतीनी ही त्याचीच रूपे.

६/ येथे सावधगिरी हवी. ‘इन्नोचेंते’ हे व्यक्तिनामही होते आणि त्यावरूनही हे आडनाव बनले. म्हणून केवळ नावावरून कोणाचा पूर्वज अनाथ ठरविता येत नाही.

७/ या आडनावाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. तोस्कानातील पेशा येथे १८९१ साली जन्मलेल्या फेर्दिनान्दो इन्नोचेंती या उद्योजकाच्या मिलानमधील कारखान्यातून १९४७ साली लॅम्ब्रेटा स्कूटर बाहेर पडली. पुढे मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने ती भारतात बनविली.

८/ ज्या गजांच्या खिडकीतून बाळ आत सरकविले जाई, ती १८७५ मध्ये बंद झाली. नेपल्समध्ये अशा मुलांना ‘एस्पोझितो’, म्हणजे ‘उघड्यावर ठेवलेला’, म्हणत. रोममध्ये ‘प्रोयेत्ती’, म्हणजे ‘फेकलेला’. ही नावे मुलाशी काय केले गेले ते सांगतात. फ्लॉरेन्सचे नाव एवढेच सांगते, की दोष मुलाचा नव्हता. इमारतीच्या दर्शनी भागावर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने घडविलेली, कापडात गुंडाळलेली बाळे हात पसरून आजही उभी आहेत.