दिवसाची लाइट

माझ्या कामात दिवस ९६ तुकड्यांचा असतो. भारतातल्या ग्रिडचं वेळापत्रक पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत मांडतात, आणि मी ज्या टीममध्ये कोड लिहितो ती सौरप्रकल्पांसाठी उद्याच्या ९६ रकान्यांचे अंदाज काढते. ढग कधी येतील, कोणत्या रकान्यात किती मेगावॅट निघतील. अंदाज ठरावीक मर्यादेबाहेर गेला की प्रकल्पाला दंड. दिसायला हे हवामानाचं काम आहे, पण रोज त्या रकान्यांकडे बघत बसलं की त्यात पैसा दिसायला लागतो आणि पैशाच्या मागून राजकारण.

घरच्या बिलात सगळी युनिटं एकाच ओळीत येतात. बाजारात मात्र दुपारी बाराचं युनिट आणि रात्री आठचं युनिट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ऊन चांगलं असलेल्या दिवशी पॉवर एक्स्चेंजवर दुपारचा दर दोन-तीन रुपयांपर्यंत उतरतो. सूर्य मावळला, घरोघरी दिवे आणि एसी लागले की तोच दर कित्येकदा दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. अपारंपरिक ऊर्जेची चर्चा आपण बहुतेक वेळा 'किती मेगावॅट' या प्रश्नाभोवती करतो. मला हल्ली 'कोणत्या वेळची, आणि ती वेळ कोणाच्या वाट्याला' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं कारण माझं घर आहे.

संगमनेर तालुक्यात आमची सहा एकर आहे. कांदा, डाळिंब, थोडा ऊस. आमच्याकडे 'वीज' कोणी म्हणत नाही. वीज पडते, येते ती लाइट. बरीच वर्षं शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा आठ तास आणि पुढचा आठवडा रात्री दहा तास अशी थ्री फेज लाइट असायची. रात्रपाळीच्या आठवड्यात आप्पा जेवून, बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघायचे. उसात बिबट्या, बांधावर साप, आणि ओल्या पायांनी स्टार्टरला हात. आई मध्यरात्री दोनदा तरी फोन लावायची आणि आप्पा उचलेपर्यंत उठून बसायची. मोटर ऑटोवर टाकून झोपावं, तर लाइट आल्याबरोबर सगळ्यांच्याच मोटरी एकदम सुरू व्हायच्या आणि डीपी जळायची. मग नवी येईपर्यंत सगळ्या शिवाराचं पाणी बंद.

रात्रच का, याचं उत्तर मला नोकरीत मिळालं. कोळशावरचा संच संध्याकाळी बंद करून सकाळी चालू करता येत नाही. तो पुन्हा पेटवायला तास लागतात, खर्च येतो. म्हणून रात्रीही कमी भारावर का होईना, चालू ठेवावा लागतो. रात्री कारखाने मंदावतात, शहरं झोपतात. उरलेली वीज कोणाला तरी वापरायला हवी असते. विहिरीची मोटर त्यासाठी सोयीची: कधीही चालवा, पाणी तेवढंच निघतं, आणि चालवणारा तक्रार करायला मुंबईला येत नाही. एका स्विचवर अख्ख्या फीडरचा भार इकडून तिकडे सरकवता येतो. ग्रिडला बसणारे धक्के शोषून घेण्याचं काम शेतकऱ्याच्या झोपेनं केलं.

दिवसा वीज द्या, ही मागणी म्हणूनच जुनी आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात त्यासाठी धरणं धरलं होतं. पण ती पुरी व्हायला लागली ती मागणीच्या जोरावर कमी आणि पॅनलच्या किमतीमुळे जास्त. २०१० च्या सुमारास देशात सौर विजेचे सुरुवातीचे करार युनिटला दहा रुपयांहून जास्त दराने झाले. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातल्या भाडलाच्या लिलावात तो दर २.४४ रुपयांवर आला. त्याच वर्षी महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, बरीच मोठी आवृत्ती. कल्पना साधी आहे. गावच्या सबस्टेशनजवळ काही मेगावॅटचा सौरप्रकल्प उभारायचा आणि त्याच सबस्टेशनवरचे शेतीचे फीडर दिवसा त्यावर चालवायचे. पुण्याचा 'प्रयास'चा ऊर्जा गट या मार्गाचा आग्रह आधीपासून धरत होता.

हिशोबाच्या अंगाने ही मला आपल्याकडची सगळ्यात शहाणी सौरयोजना वाटते. बॅटरी लागत नाही. विहीर किंवा शेततळं हीच बॅटरी. रब्बीत पाणी लागतं तेव्हा आकाश निरभ्र असतं, पावसाळ्यात ढग असतात तेव्हा मोटर बंद असते. वीज जिथे तयार होते तिथेच वापरली जाते, लांबच्या तारांतली गळती वाचते. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. लांबून आणलेली कोळशाची वीज शेतापर्यंत पोचेतो याच्या दुपटीहून महाग पडते आणि तो फरक आजवर अनुदानातून आणि उद्योगांच्या चढ्या दरांतून भरला गेला. तेच उद्योग आता स्वतःचे सौरप्रकल्प टाकून बाहेर पडताहेत. त्यांच्या पैशावर चालणारी जुनी व्यवस्था तशीही टिकणार नव्हती.

जमिनीचा हिशोब मात्र इतका सरळ नाही. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ. कोरडवाहू माळाचा मालक याला हसत हो म्हणेल. पण योजनेत सरकारी जमिनीही आहेत आणि गावात सरकारी जमीन म्हणजे अनेकदा गायरान. तिथे मेंढरं चारणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे भाडंही नसतं. मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, हा आकडा सादरीकरणात छोटा दिसतो.

आमचा फीडर गेल्या वर्षी सौर झाला. आप्पा आता सकाळी नऊला मोटर चालू करतात आणि ऊन उतरायच्या आत घरी असतात. आईचा रात्रीचा फोन थांबला. या एका गोष्टीसाठी मी या योजनेचं कितीही कौतुक करायला तयार आहे.

तरी एक खटकतं. पूर्वी रात्रीची वीज उरायची, म्हणून शेतकऱ्याला रात्र मिळाली. आता दुपारची उरते, म्हणून दिवस मिळाला. दोन्ही वेळा ग्रिडची सोय पाहिली गेली. या खेपेला ती आप्पांच्या सोयीशी जुळली, एवढंच. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पॅनल आहेत. नेट मीटरिंगमध्ये आम्ही दुपारचं स्वस्त युनिट ग्रिडला देतो आणि रात्रीचं महाग युनिट त्याच्या बदल्यात घेतो. हा व्यवहार नियमात लिहिलेला आहे, मीटरवर मोजला जातो, आणि त्याला कोणी हात लावायचं म्हटलं तर सोसायटीचे चेअरमन आयोगापुढे हरकत नोंदवायला तयार असतात. आप्पांकडे यातलं काही नाही. त्यांचा पंप मीटरवर नाही, अश्वशक्तीवर आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, त्यामुळे बिलही नाही. किती युनिटं वापरली याचा अंदाज बांधला जातो, आणि गळती-चोरी याच अंदाजात लपवली जाते हा आरोप आयोगाच्या सुनावण्यांत वर्षानुवर्षं होत आला आहे.

"मीटर आलं की मागून बिल येणार," असं आप्पा म्हणतात. जन्मभराच्या अनुभवावरून म्हणतात, त्यामुळे मी वाद घालत नाही. पण ज्याचं बिल नाही तो हिशोबात गिऱ्हाईक राहत नाही, लाभार्थी होतो. लाभार्थ्याला वेळ मागता येत नाही, मिळेल ती घ्यावी लागते. शिवाय फुकट विजेवर दिवसभर चालणारी मोटर विहिरीचा तळ कधी गाठेल, हे मोजणाराही कोणी उरत नाही.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी गावी २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पाणी काढून उरलेली वीज ते वितरण कंपनीला ४.६३ रुपये युनिटने विकू लागले. तिथे मीटर शेतकऱ्याच्या बाजूने फिरतं. जास्त पाणी उपसलं तर आपलंच उत्पन्न बुडतं, हे सांगायला अधिकारी लागत नाही. प्रयोग लहान आहे, जशाचा तसा महाराष्ट्रभर पसरेल असं मी म्हणत नाही. पण त्यात शेतकरी हिशोबाच्या आत आहे.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण बॅटऱ्या झपाट्याने स्वस्त होताहेत. दुपारची वीज साठवून रात्री आठला विकणं परवडू लागलं की दुपारचं युनिट 'उरलेलं' राहणार नाही. डेटा सेंटरं, कारखाने, माझ्यासारखे फ्लॅटवाले, सगळ्यांनाच ते हवं असेल. आज पंचवीस वर्षांचे करार आहेत, पण ते वितरण कंपनी आणि प्रकल्पवाला यांच्यातले आहेत. ती वीज कोणत्या तासाला कोणाच्या मोटरीला मिळावी, यावर आप्पांची सही कुठेच नाही. माझ्या ९६ रकान्यांपैकी साधारण बत्तीस आज त्यांच्या वाट्याला आले आहेत. ते त्यांचे हक्काचे म्हणून लिहून घ्यायचे असतील, तर ते स्वस्त आहेत तोवरच.