नाक सोडून

आमच्या घरी टिश्यूचा डबा फ्रिजवर असतो. नाक पुसायला तो कुणी घेत नाही, त्यासाठी रुमाल आहेत. टिश्यू लागतो तो कोथिंबिरीला. आई जुडी निवडते, न धुता डब्यात भरते, तळाशी एक टिश्यू, वर एक. पानांना सुटलेलं पाणी कागद ओढून घेतो. टिश्यू दोन पदरी असतो हे लक्षात आल्यापासून ती नखाने कोपरा उकलून त्याचे दोन करते. ओले झालेले ओट्याच्या कडेला वाळत पडतात आणि मग शेगडी पुसायला जातात.

माझ्या लहानपणी आमच्याकडे टिश्यू हा प्रकारच नव्हता. बालवाडीत रुमाल छातीवर सेफ्टी पिनने लावलेला असायचा. वडापावच्या गाडीवर वर्तमानपत्राचा तुकडा मिळे. तेल कमी निघायचं, शाई जास्त लागायची. पुढे उडपी हॉटेलात स्टीलच्या ग्लासात खोचलेले त्रिकोणी कागद दिसले. एका बाजूने चकचकीत, आणि इतके पातळ की सांबार एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जाई, एवढंच. त्यांना टिश्यू म्हणणं हा उदारपणा आहे.

खरा टिश्यू अमेरिकेतल्या मावशीने आणला. एक ओढला की दुसरा डोकं वर काढायचा. आम्ही भावंडांनी दुपारभरात डबा रिकामा केला. त्या मऊपणामागची करामत मला फार पुढे कळली. ओला कागद तापलेल्या मोठ्या सिलिंडरला चिकटवतात आणि पात्याने खरवडून काढतात. त्याने कागदावर बारीक चुण्या पडतात. मऊपणा त्या चुण्यांचा, आणि पाणी टिपायलाही त्यांचीच मदत.

हा कागद मुळात नाकासाठी नव्हताच. पहिल्या महायुद्धात किम्बर्ली-क्लार्क कंपनी कापसाऐवजी जखमेवर लावायला लाकडाच्या लगद्याचं मऊ वॅडिंग पुरवत होती. युद्ध संपल्यावर त्या मालाला नवी गिऱ्हाइकं हवी होती. १९२४ मध्ये कंपनीचा क्लीनेक्स टिश्यू बाजारात आला तो बायकांनी चेहऱ्यावरचं कोल्ड क्रीम पुसावं म्हणून. लोक त्यात नाक शिंकरू लागले, तेव्हा १९३० च्या सुमारास कंपनीने मुकाट्याने जाहिरातच बदलली. म्हणजे कोथिंबिरीच्या बाबतीत आई परंपरेला धरूनच आहे.

बाबा टिश्यूने चष्मा पुसतात. चष्मेवाला दरवेळी बजावतो, लाकडाचे तंतू आहेत, काचेवर चरे पडतात. बाबा मान डोलावतात आणि घरी येऊन तेच करतात.

नोकरीला बंगळूरला असलेली भाची मात्र घरी आली की टिश्यू नाकालाच लावते आणि जीन्सच्या खिशात विसरते. टॉयलेट पेपर पाण्यात विरतो. टिश्यू विरू नये म्हणून त्यात रेझिन घातलेलं असतं. त्यामुळे मशीनमधून निघालेल्या सगळ्या काळ्या कपड्यांवर पांढरा भुगा. आई गॅलरीत एकेक कपडा झटकते आणि खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "रुमाल असता तर निदान धुऊन तरी निघाला असता!"