बाईंचा हजेरीपट

काही माणसं फक्त कागदोपत्री निवृत्त होतात. साताऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई त्यांतल्याच. ३० वर्षांहून अधिक काळ प्राथमिक शाळेत शिकवून त्या घरी बसल्या खऱ्या. पण ‘बसल्या’ म्हणणं जरा धाडसाचंच! आज ७१ व्या वर्षीही त्यांचा वर्ग रोज भरतो. विद्यार्थ्यांना तेवढे आता चार पाय आहेत. एकाला मात्र तीनच. त्याचं नाव बाईंनी ‘तीनपाट’ ठेवलं आहे.

तीनपाट, मोती आणि चिंगी ही घरची मंडळी, आणि गल्लीतली आणखी आठ. पहाटे पाचला बाईंच्या अंगणातली चूल पेटते. घरच्या तिघांना मंगळवार तळ्यापर्यंत फिरवून आणायचं, मग ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या, आणि कोंबडीच्या दुकानातून आणलेल्या माना-पाय वेगळ्या पातेल्यात शिजवायचे. शिजलेलं हाड चिरफळून घशात रुततं, म्हणून एकेक हाड वेचून काढायचं. ज्या बाईंनी जन्मात अंडं फोडलं नाही, त्या पिशवी घेऊन त्या दुकानापुढे उभ्या! पेठेत प्रथम बरीच कुजबुज झाली. बाई एवढंच म्हणाल्या, “व्रत माझं आहे, त्यांचं नाही.”

पुण्य जोडायला कुणी उरलीसुरली आमटी घेऊन आलं, तर बाई ती परत पाठवतात. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. “पुण्य करायचं तर ताजं करावं,” हा वर शेरा!

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याला सोडून स्वर्गात न जाणारा धर्मराजही आपल्याला ठाऊक असतो. मी एकदा बाईंना या दोघांची उपमा दिली. बाई भाकरी उलथत म्हणाल्या, “अगं, धर्मराजाला एकच कुत्रा होता. आणि त्याला इंजेक्शन द्यायला कुणी सांगितलं नव्हतं.”

हे इंजेक्शनच बाईंच्या संसाराचं मूळ आहे. शाळेतल्यासारखा एक हजेरीपट त्यांनी घातला आहे. त्यात प्रत्येकाचं नाव, रंग, रेबीजची लस टोचल्याची तारीख, नसबंदीची तारीख. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून छोटी खाच पाडतात. तिचाही रकाना आहे. लुई पाश्चरने १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली, त्याला १४० वर्षं होऊन गेली. तरीही आपल्याकडे या रोगाने माणसं मरतात. एकदा लक्षणं दिसली की रोगी बहुधा हाती लागत नाही. बाईंना या गोष्टीचा राग आहे, आणि त्यांच्या प्रेमाइतकाच तो खरा आहे.

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत कुठूनसं एक अनोळखी कुत्रं आलं आणि सात वर्षांच्या एका मुलाच्या पोटरीला चावलं. घरच्यांनी जखमेवर हळद-तिखट लावायची तयारी केली होती. बाईंनी ते हात बाजूला सारले, मुलाला नळाखाली धरलं आणि साबणाने १५ मिनिटं जखम धुतली. मग रिक्षा करून सरकारी दवाखाना गाठला. लशीचे सगळे डोस पुरे होईपर्यंत त्याच्या आईला तारखांची आठवण त्याच करून देत होत्या.

रविवारी सभा भरली. ‘सगळी कुत्री उचलून लांब सोडा’ हा ठराव जवळजवळ झालाच होता. देशभर तेव्हा हाच वाद पेटला होता. नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा जिथून नेला तिथेच परत सोडावा, असं २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सांगितलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली, आणि खाणं ठरावीक जागीच घालावं असंही बजावलं.

भूतदयेवर भाषण होईल असं सर्वांना वाटलं. बाईंनी हजेरीपट उघडून अकरा नावं वाचली, अकरांच्या तारखा वाचल्या. मग म्हणाल्या, “तुमची भीती खोटी नाही. मुलं शाळेला निघतात तेव्हा मी दारात खाणं घालते, हे बदलायला हवं. पण ही अकरा गेली तर जागा मोकळी राहणार नाही. नवी येतील, आणि त्यांच्या तारखा कुणापाशीच नसतील.”

ठराव बारगळला. खाण्याची जागा ओढ्याकाठी गेली, वेळ सहाच्या आत आली. पावसात, चिखलात, दुखऱ्या गुडघ्यानिशी बाई आता तिथवर पातेलं नेतात. मला त्या दिवशी उमगलं की दयेलाही वेळापत्रक लागतं, आणि शेजाऱ्याच्या भीतीचा मान राखल्याशिवाय ती फार दिवस टिकत नाही.

अलीकडे बाई एक प्रश्न विचारतात. वाणसामान कोण आणणार असं विचारावं इतक्या सहज. “माझ्यामागं यांचं कोण बघणार?” उत्तरादाखल त्यांनी हजेरीपटात नवा रकाना आखला आहे: ‘जबाबदार व्यक्ती’. त्या चावा बसलेल्या मुलाच्या आईने आपणहून चिंगीपुढे नाव घातलं. मोतीलाही घर मिळालं. गल्लीतल्या आठांची आम्ही मुलांनी वाटणी केली.

तीनपाटापुढची जागा अजून रिकामी आहे. माझं आईशी बोलणं चालू आहे.