पक्ष घेण्याची किंमत

'पक्ष' हा शब्द मोठा गमतीचा आहे. पाखराचा पंख तो पक्ष, महिन्याचा अर्धा भाग तो पक्ष, वादातली एक बाजू तो पक्ष आणि निवडणुकीला उभा राहतो तोही पक्षच. पक्ष म्हटला की त्याला दुसरी बाजू असतेच आणि शुक्लपक्ष चालू असताना कृष्णपक्ष असू शकत नाही. माणसांच्या पक्षांना हा नियम लावावा का, आणि लावायचा तर कुठवर, या प्रश्नाने काही दिवस माझ्या मनात ठाण मांडले आहे. तो माझ्याकडे आला व्हिडिओ गेमच्या वाटेने, हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर वाचकांना वाटायचे, निवृत्तीनंतर या गृहस्थांना राजकारणाचा मोह पडला!

आमच्या सुभानपुऱ्यातल्या घरी सुटीच्या दिवशी नातू आणि त्याचा शेजारचा गुजराती मित्र संगणकापुढे बसतात. त्यांच्या आवडीच्या खेळांत खेळणारा एका काल्पनिक राज्यात पात्र होऊन वावरतो. तिथल्या घराण्यांत, संघांत, सैन्यांत दाखल होतो आणि पदे मिळवतो. २००२ सालच्या 'मोरोविंड' या खेळात तीन मोठी घराणी आहेत. त्यांतल्या एकाच घराण्याची चाकरी पत्करता येते. एकाचे दार उघडले की उरलेली दोन बंद. त्याच मालिकेतल्या २०११ सालच्या 'स्कायरिम'मध्ये राजसत्ता आणि बंडखोर यांच्या युद्धात तेवढी एक बाजू निवडावी लागते. बाकी योद्ध्यांचा संघ, जादूचे विद्यापीठ, चोरांची टोळी आणि मारेकऱ्यांची गुप्त मंडळी या सर्वांचे प्रमुखपद एकाच माणसाला मिळू शकते. मित्राचे म्हणणे, खेळ विकत घेतला आहे तर अडवणूक कशाला? नातवाचे म्हणणे, सगळेच मिळाले तर काय मिळवले?

माझा कौल नातवाच्या बाजूने पडला, याला माझी नोकरी कारण आहे. सरकारात वाढीव कार्यभार नावाचा एक प्रकार असतो. पद रिकामे असले की त्याचा भार शेजारच्या खुर्चीवर येतो. माझ्याकडे एकदा असे दोन कार्यभार होते. सकाळी एका पदाच्या सहीने मी प्रस्ताव पाठवी आणि दुपारी दुसऱ्या पदाच्या सहीने त्यावर शंका काढी. शिपाई ती फाईल या टेबलावरून उचलून त्याच टेबलावर ठेवी. शंका काढणारा आणि उत्तर देणारा एकच असला की शंकेत दम राहत नाही. जादूच्या विद्यापीठाचा कुलगुरू रात्री चोरांचा म्होरक्या असतो आणि कोणी चकार शब्द काढत नाही, असे राज्य माझ्या अनुभवी डोळ्यांना राज्यच वाटत नाही.

आपल्या बडोद्याचा इतिहास तर पक्ष घेण्याचाच इतिहास आहे. येथून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या डभईजवळ १ एप्रिल १७३१ रोजी बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई झाली. दोघेही शाहू महाराजांचे चाकर. पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने लढले. दाभाडे रणांगणावर पडले, बाजीराव जिंकले. पुढच्या पिढ्यांत पेशवे आणि गायकवाड यांच्यात जे अविश्वासाचे आणि हिशेबाचे नाते राहिले, त्याचे एक मूळ त्या दिवसात आहे. १७६८ साली दमाजीराव वारल्यावर गोविंदराव आणि फत्तेसिंगराव हे भाऊच परस्परविरोधी उभे राहिले. गोविंदरावांनी राघोबादादांची कास धरली. फत्तेसिंगरावांनी १७८० साली इंग्रजांशी तह करून अहमदाबाद मिळवले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर तो लाभ हातचा गेला. बाजू बदलण्याची मुभा त्या सरदारांनाही होती. नव्हती ती फुकट बदलण्याची. म्हणूनच त्यांचे निर्णय आपण आजही वाचतो.

येथवर आल्यावर मात्र मला थबकावे लागले. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाची हकीकत नातवाने सांगितली. त्यात मानव म्हणून जन्म घेतला की एक पक्ष, ऑर्क म्हणून घेतला की दुसरा. पलीकडच्याने लिहिलेले अलीकडच्याला वाचता येऊ नये, अशी अक्षरांची मोडतोड खेळच करी. दोन्हीकडच्यांनी मिळून मोहिमेवर जाण्याची सोय २०२२ साली झाली. हे बंधन मला पटले नाही. महाभारतात युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिराने हाक दिली तेव्हा धृतराष्ट्राचा पुत्र युयुत्सू पांडवांकडे आला. जन्मावरून पक्ष ठरायचा असता तर त्याच्या विवेकाला जागाच उरली नसती.

आणि आपल्या घरांचे काय? १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे झाले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. वडील सरकारी नोकरीत. आप्त बहुतेक पुण्याकडचे. 'आता तरी इकडे या,' अशी पत्रे येत. वडिलांनी बडोदे सोडले नाही. दफ्तरात गुजराती लिहिली, देवघरात आणि जेवताना मराठी बोलले. मीही पुढे याच राज्याची चाकरी केली. नातू मित्राशी गुजरातीत भांडतो आणि निकालासाठी माझ्याकडे मराठीत येतो. आम्हाला कोणी 'एकच भाषा ठेवा' असे बजावले असते, तर काय राहिले असते?

म्हणून माझ्या मते बंधन असावे, पण ते दिलेल्या शब्दाचे असावे, जन्माचे नसावे. जिथे दोन गट एकमेकांविरुद्ध निष्ठा मागतात, तिथे एकच निवडायला लावावे, आणि दार बंद होण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे. बाजू सोडायची वाटही ठेवावी, पण ती सोडणाऱ्याची पत घटावी आणि जुन्या सोबत्यांनी ते विसरू नये. जिथे निष्ठांचे भांडण नाही, तिथे माणसाला दोन घरांचे राहू द्यावे. नातवाला हा निकाल अर्धाच आवडला. मित्रालाही अर्धाच.