पाच नंबरचं बटण

नव्वदच्या दशकात आम्ही सणसरची पोरं बारामतीला जायचो तेव्हा खिशात एक-दोन रुपये जपून ठेवलेले असायचे. तिथल्या एका बोळात गेमचं दुकान होतं आणि त्यात ‘मुस्तफा’ होता. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. पण पळत येऊन लाथ घालणारा मुस्तफा पोरांना इतका आवडायचा, की गेमलाच त्याचं नाव पडलं.

यंदा तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाला गावी आलो. सकाळी दिंड्या बेलवाडीच्या रिंगणाकडे निघून गेल्या, घर शांत झालं, तसा भाचा जुना लॅपटॉप घेऊन आला. ‘‘मामा, तुमचा मुस्तफा लावून द्या.’’

मुस्तफाचे हक्क कंपनीचे आहेत. कुठून तरी फुकट उतरवणं मला पटेना. म्हणून ‘रॉबी रोटो’ घेतला. १९८१ चा हा गेम त्याच्या निर्मातीनं घरगुती वापरासाठी मोकळा केला आहे. जमिनीखाली बोगदे खणत कैद्यांना सोडवायचं. चालवायला ‘मेम’ हा एम्युलेटर. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसानं १९९७ मध्ये तो पहिल्यांदा लोकांना दिला. जुन्या मशीनच्या बोर्डावरच्या चिप्स जे करायच्या, तेच तो कॉम्प्युटरकडून करून घेतो.

भाच्यानं गेमची फाईल ओढून मेमवर टाकली. काळी चौकट लुकलुकली आणि गेली. पुन्हा टाकली, पुन्हा गेली. त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, ‘‘काहीतरी सांगून जातेय ती, आपल्याला वाचायला मिळत नाही एवढंच. कमांड प्रॉम्प्ट उघड.’’

मेमच्या फोल्डरमध्ये जाऊन त्यानं टाईप केलं: मेम, जागा, रॉबी. आता चौकट जागची हलली नाही. फाईलींची नावं एकाखाली एक आली, प्रत्येकीपुढे ‘नॉट फाउंड’. त्यानं गेम ‘ओल्ड गेम्स’ नावाच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये ठेवला होता. तो पत्ता ‘रॉमपाथ’ या ऑप्शननं सांगायचा. त्याच्या आधी वजाबाकीचं चिन्ह, चिन्हाला चिकटूनच शब्द. भाच्यानं मध्ये जागा सोडली, मेमनं ऐकलं नाही. ती जागा काढली तरी अडलं, कारण ‘ओल्ड’ आणि ‘गेम्स’मध्ये जागा होती. पत्ता अवतरणचिन्हांत घातला. मग ‘व्हेरिफायरॉम्स’ लावून पाहिलं: संच बरोबर आहे.

मला या पद्धतीचं हेच फार आवडतं. चूक कुठे आहे ते ओळीत बोट ठेवून दाखवता येतं. पोरानं आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरचा निरोप अक्षर न् अक्षर वाचला.

पुढे ‘विंडो’ जोडलं, म्हणजे गेम सगळा पडदा न व्यापता चौकटीत उघडेल आणि निरोपही दिसत राहतील. सुरुवातीची माहितीची पाटी टाळायला ‘स्किप गेमइन्फो’ही घातलं, त्यातली शब्दांमधली खालची रेघ त्याला कीबोर्डवर शोधावी लागली. पूर्ण ओळ नोटपॅडमध्ये उतरवून बॅच फाईल केली आणि शेवटी ‘पॉज’ लिहिलं, म्हणजे पुन्हा काही बिघडलं तरी चौकट पळून जाणार नाही.

गेम उघडला, पण सुरू होईना. भाचा एंटर दाबत राहिला.

‘‘नाणं टाक की,’’ मी म्हणालो.

‘‘कुठं?’’

‘‘पाच दाब. मग एक.’’

त्यानं पाच दाबलं. एक क्रेडिट पडलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाच दाबलं, पुन्हा दाबलं, मोजत मोजत.